शेजारच्या डॉक्टरांची चौकशी

१० फेब्रुवारी १९५७, सेलू
शेवटी कळलं, जालन्याच्या पाहुण्यांनी आमच्या कुसुमला नकार का दिला ते. चौकशीला आले, रिवाजाप्रमाणे शेजारी विचारलं. अन् शेजारी कोण, तर डॉक्टर! म्हणाले म्हणे, "मुलगी स्वभावविकृतीच्या प्रकारात मोडते. पुस्तकात नाव आहे त्याला. असली माणसं सुधारत नसतात." कशावरून? तर गेल्या साली तिच्या हाताचं गळू यांनी न सांगता कापलं, तेव्हा ती कसाई म्हणाली अन् समोरचं भगुणं फेकलं. एवढ्यावरून जन्माचा शिक्का. मुडदा बशिवला त्याचा!

१३ फेब्रु.
कु. खोलीबाहेर येईना. रागीट आहे, मान्य. हसली तर गल्लीभर ऐकू जातं, रडायला लागली की थांबत नाही. पण राग मला नाही? आईला नाही? कुणाला चिमूटभर, कुणाला मूठभर. माझ्या बहिणीला कप्प्यात कोंबून कुलूप घालणारा हा कोण टिकोजीराव? आई म्हणते, "सोड, देव बघायलाय." देवाला फुरसत कुठाय. मीच बघते.

२ मार्च
शेजारी आरडाओरडा. डॉ.चा लेक विनायक, वकिली शिकून आलाय हैद्राबादहून, त्यानं सख्ख्या आईच्या अंगावर पितळी तांब्या फेकला. बाईंच्या कपाळाला ही खोक! मी भिंतीवरून पाहिलं. टाके डॉ.नीच घातले. मला बघून हसले. "राग जरा जास्त आहे त्याचा. वयानं उतरेल."
वा रे वा. दुसऱ्याची पोर 'प्रकार', अन् आपला लेक 'जरा जास्त'.

१९ मार्च
खबर! विनायकचं जमायलंय. मुलगी राणीसावरगावची, तालेवार घर. तिचे वडील चौकशीला येणार, म्हणजे आमच्याकडं येणारच. लय दिवसांनी पोटभर जेवले. शब्द तयार आहे. त्यांचाच, जसाच्या तसा वापस करायचा. वर्गात पोरींना पाढे म्हणायला लावते अन् मनात तोच घोळवते.

२४ मार्च
कु.ला सांगितलं. वाटलं खूश होईल. तर म्हणते, "ताई, तो कप्पा तू त्याच्यासाठी खरा केलास की माझ्यासाठीबी खराच झाला. मग मी त्याच्यातच."
म्हणलं, "तू भगुणं फेकलंस, तो तांब्या फेकतो. एकच का ते?"
"मग तेच सांग ना. किती, केव्हा, कुणावर. माझं कुणी तसं सांगितलं असतं तर..."
मी चिडले. मी हिच्यासाठी उट्टं काढायला निघाले अन् ही मलाच शहाणपण शिकवायली.

३१ मार्च
आले एकदाचे. पागोटं, पांढऱ्या मिशा, बोलायला गोड. गूळपाणी दिलं. शब्द जिभेवर होता, देवाशपथ. कु. दाराआड उभी. गिळला मग. तांब्याचं सांगितलं. मागं त्यानं घरच्या गड्याला काठीनं झोडपलं होतं, तेही सांगितलं. बरेच दिवस चांगला असतो अन् मग उसळतो, अन् तेही आपल्याहून कमजोर माणसावरच, हेही सांगितलं.
म्हातारा मांडीवर थाप मारून हसला. "एवढंच व्हय? गड्याच्या जातीला राग पायजेच की, बाई! मी म्हणलं काही वेड-बीड हाय की काय."
संध्याकाळी शेजारून पेढे आले. माझा कुत्र्याला टाकला.

१ एप्रिल
कु.शी बोलणं बंद. पोरीचं एका शब्दानं मोडतं, अन् पोराचं सगळं खरं सांगूनही पेढे वाटतात. तो शब्द बोलले असते तर आज डॉ.चं थोबाड बघण्यासारखं असतं. कशाला ऐकलं मी तिचं? दिवसभर नुसता जळफळाट. शाळेत एका पोरीवर उगाच खेकसले.

४ एप्रिल
डॉक्टरीणबाई कुंकू लावायला आल्या. साखरपुडा रविवारी, राणीसावरगावला. आई सुपारी आणायला आत गेली तशा जवळ सरकल्या. "चौकशीला तुमी काय सांगितलंत ते कळलं मला." मी पदर खोचला. म्हणलं, आता भांडण. त्यांनी आपल्या घराकडं एकदा बघितलं.
"लय कमी सांगितलंत, बाई."
एवढंच. सुपारीसाठीही थांबल्या नाहीत.
कु. चूल फुंकत होती. तिच्याशी बोलावंच लागलं. सगळं ऐकून घेतलं अन् म्हणाली, "उद्या शाळेला रजा टाक."
परभणीला गाडी बदलून गंगाखेड, तिथून पुढं बैलगाडी मिळेल ती. त्या नवऱ्या मुलीला एकटीला भेटू देतील का? अन् भेटलीच तर काय सांगू? मला दिसलं तेवढं, की डॉक्टरीणबाई गिळून बसल्यात ते, की सरळ तो शब्द? डॉ.चं नाक भर मांडवात कापलं जाईल, या विचारानं अजून बरं वाटतं. खोटं कशाला लिहू. पिशवी भरून ठेवली. त्या पोरीचं नावसुद्धा अजून कुणी मला सांगितलेलं नाही.