आकाशातलं रविवारचं पाणी

ती. काकू,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त अर्धाच, गोड मानून घे). तुझे गुडघे काय म्हणतात? डॉक्टरांचं ऐकतेस, की त्यांनाच सुनावतेस?

इकडे माझी पार शोभा झाली. काकांनी त्या माळावरच्या रडारवर हयात घालवली, आणि मी आता त्यांच्याच नोंदी घेऊन, ढगांच्याही खूप वर ऊन हवेची काय मोडतोड करतं, त्याचं गणित कॉम्प्युटरवर मांडत बसतो. सगळं जुळायचं, फक्त रविवारी रडारचा प्रतिध्वनी मलूल. मग मी वरच्या हवेत थोडी जास्त वाफ घातली (रडारचा प्रतिध्वनी तिथल्या सुट्या इलेक्ट्रॉनांवरून येतो, आणि पाणी असलं की ते पटापट गायब होतात), आणि काय सांगू, तंतोतंत जुळलं! दुपारनंतर पाणी कमी होतं, हेसुद्धा जुळलं. भरसभेत छाती फुगवून सांगितलं. तेव्हा मागच्या रांगेतल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, की आकाशाला रविवार कसा कळतो?

आणि अगं, उत्तराऐवजी डोळ्यांपुढे तूच! क्वार्टरमागे रडारच्या प्रतिध्वनी ऐकायच्या तारा, त्यांवर दर रविवारी तुझ्या ओल्या रजया नि चादरी, पदर खोचून तू, आणि चिमटे पुरवणारा मी. आत काका मशीनला थापट्या मारत ओरडायचे, "आज वरती काहीतरी बिनसलंय!" तू म्हणायचीस, "वरचं तुम्ही बघा, खालचं मी बघते." काय दिवस होते गं ते! त्या रजयांचा उन्हात वाळल्याचा वास अजून नाकात आहे. तसं माझं गणित काही अगदीच चुकलं नव्हतं. पाणी होतंच, फक्त सत्तर किलोमीटर खाली.

तब्येतीला जप.

तुझा पुतण्या

ता. क. नोंदी तपासणाऱ्या समितीला आता काकांच्या सगळ्याच नोंदी बाद करायच्या आहेत. माणसाचं अख्खं आयुष्य केराच्या टोपलीत! ओल्या कपड्यांनी प्रतिध्वनी नेमका किती मरतो हे दाखवता आलं, तर तेवढाच हिशेब दुरुस्त करून बाकीचं वाचवता येईल. रडार मोडीत निघायच्या आत ये, आणि एकदा तुझ्या पद्धतीने धुणं वाळत घाल. (घट्ट पिळू नकोस. तेव्हाही पिळत नव्हतीस.)

आणखी एक ता. क. काकांचा एखादा शर्ट ठेवला असशील, तर तोही आण. प्रयोगासाठी नकोय. त्या तारेवर हलताना एकदा बघायचाय.