सीट सहा बोटे पुढे

तीर्थरूप भाऊजी आणि अक्का,

धाकट्याचा तुमच्या पायांवर डोके ठेवून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे हल्ली प्रत्यक्षात गुडघ्यापर्यंतच पोचतो, पण मनाने पार खाली आहे असे समजावे.) भाऊजी, तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरता ना? धरत जा. अक्काने कानाचे यंत्र कानात घालायला सुरुवात केली, की ते अजून डबीतूनच ऐकते आहे? माझे म्हणाल तर छाती मधूनमधून धडधडते. डॉक्टर म्हणतात, "आजोबा, धडधडायची थांबली की या." तरुण माणूस आहे, त्याचे काय जाते बोलायला! बाकी आम्ही दोघे खुशाल आहोत, आणि पत्र लिहायला बसलो त्याचे कारण असे की गाडी चालली.

हे शेवटचे दोन शब्द मी मुद्दाम ठळक काढले आहेत. आठ वर्षांपूर्वी तेरा खोकी घरी आली त्या दिवशी तुम्ही (कारखान्यातले मुकादम म्हणून तुमचा मान राखूनच सांगतो) चारचौघांत म्हणाला होता, "शिंप्याने गाडी शिवली तर पहिल्या धुण्यात आटेल." माझ्या मनात त्याबद्दल काही नाही. दिवससुद्धा धड आठवत नाही. बुधवार होता, दुपारचे सव्वाचार. तर सुटे भाग खोक्यांतून येतात आणि माणसाने ते घरी जोडायचे, अशी ती शर्यतीच्या गाडीच्या घाटणीची, बसकी, दोन माणसांची गाडी. सोबतचे पुस्तक परक्या भाषेतले. मी चौथीपर्यंत शिकलेला, पण त्याने काही अडले नाही, कारण चित्रांना चौथी पुरते. त्याच दिवशी मी हिला शब्द दिला होता की गाडी तयार झाली की पहिल्यांदा तू चालवायचीस. चाळीस वर्षांत मी हिचा एक कपडा वेळेवर शिवून दिला नाही (गिऱ्हाईक आधी), तेव्हा म्हटले हा एक शब्द तरी पाळावा. तिने त्यापायी साठाव्या वर्षी लायसन काढले. पहिल्या फटक्यात पास झाली. मी तिसऱ्या फटक्यात झालो होतो, पण तो विषय वेगळा.

गेल्या महिन्यात शेवटचा बोल्ट आवळला आणि ही नवे बूट घालून गाडीत बसली. भाऊजी, हिचा पाय क्लचला पोचेना! सहा बोटे कमी! मी सीट माझ्या मापाने पक्की करून मोकळा झालो होतो. जन्मभर गिऱ्हाइकाचे माप घेतल्याशिवाय कात्रीला हात लावला नाही, आणि घरच्या माणसाचे माप घ्यायचे राहून गेले. हिने बुटांचे बंद सोडले, बूट खोक्यात घातले, खोके कपाटावर ठेवले आणि भाजी निवडायला बसली. ओरडली असती तर मला दोन घास तरी गेले असते.

आधी उशा लावून पाहिल्या. पाठीमागे तीन उशा घेतल्यावर ही अशी दिसायला लागली की कोणी फळे घेऊन भेटायला यावे. शिवाय ब्रेक दाबला की उशा चपट्या आणि ही मागे. मग भंगारवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे एका जुन्या टेम्पोच्या सीटचे रूळ निघाले. रूळ म्हणजे खाली दोन लोखंडी पट्ट्या, त्यांवर सरकणाऱ्या दोन, आणि एक खटका. खटका उचलला की सीट पुढेमागे सरकते, सोडला की दात्यात अडकून राहते. (तुम्हाला हे माहीत आहे, पण अक्का वाचेल.) भंगारवाल्याने विचारले, "कोणासाठी, काका?" म्हटले, बायकोसाठी. "मागे सारायला की पुढे?" म्हटले, पुढे. "मग घेऊन जा. बाकीचे सगळे मागे सारायला नेतात."

आता भोके पाडणे आले. बोल्टखाली तळाशी जाड लोखंडी पट्टी द्यावी लागते, नाहीतर पत्रा फाटून सीट माणसासकट निघून यायची. हे मला कोणी शिकवावे लागले नाही. बटणाच्या मागे दुहेरी कापड लावणाऱ्याला ते आपोआप कळते. पण पहिले भोक पाडून गाडीखाली आडवा होऊन पाहतो, तर कपाळावर कोमट थेंब! एक, दोन, मग धारच. ब्रेकच्या तेलाची नळी फोडली!  तिथूनच हिला हाक मारून माझे चांगले दोन कोट कोणाला द्यायचे ते सांगून टाकले. तेवढ्यात धार ओठांपर्यंत आली आणि गोड लागली. हिने गाडीत आणून ठेवलेला माझाच चहा ड्रिलच्या धक्क्याने लवंडला होता आणि नव्या भोकातून खाली येत होता. (भोक अगदी गोल पडले होते हेही त्यातून कळले. धार एकसारखी होती.)

यापुढचे मात्र तुमच्या कारखान्यातल्या जुन्या मंडळींना सांगू नका. मी रूळ बसवले ते कापड बेतावे तसे. माणसाचे अंग वर एक असते, खाली एक असते. विजार मांडीला रुंद आणि घोट्याला अरुंद, हे मी झोपेतही बेतीन. आणि सीटसुद्धा पुढे निमुळती होती. तेव्हा मी दोन्ही रूळ मागे रुंद आणि पुढे अर्धा इंच आत घेतले. दिसायला इतके सुबक दिसले की मी शेजाऱ्याला बोलावून दाखवले. तोही वाहवा म्हणाला (तो टपालखात्यातून निवृत्त झाला आहे, त्याला काय कळते!). मग हिला बसवले, खटका उचलला आणि सीट पुढे ढकलली. तीन बोटे छान सरकली आणि मधेच जी अडकली ती पुढेही जाईना, मागेही येईना. त्यात तिरकी होऊन दाराला अशी टेकली की दारच उघडेना, आणि वर बसलेली ही आतच अडकली. अर्धा तास मी बोल्ट सोडवायचे पाने शोधत होतो आणि ही आत बसून पेपर वाचत होती. छोट्या जाहिरातीसुद्धा मोठ्याने वाचून दाखवल्या. त्यांत एक शिंप्याची जागा रिकामी होती, ती दोनदा वाचली. शेवटी मी मागून खांदा लावून रेटले, तेव्हा एक बोल्ट उडाला, सीट सुटली ती थेट टोकाला, आणि ही हॉर्नवर. तो हॉर्न मीच बसवला आहे, दमदार आहे. तो दाबला गेला तो तसाच दबून राहिला. अख्खी गल्ली बाहेर आली. त्या गोंगाटात ही काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही, आणि मी ते पुन्हा विचारलेले नाही.

मग मी दोन दिवस नुसता शेडमध्ये बसून राहिलो. वाटले, गाडी विकावी, शब्द गिळावा, गप्प पडून राहावे. तिसऱ्या दिवशी डोक्यात उजेड पडला की सरकायचे असेल तर लोखंडाला दोन्ही टोकांना एकच माप लागते. शाळेत हे पाचवीत शिकवत असतील. पुढे टेप लावला, मागे टेप लावला, केसाचा फरक राहू दिला नाही. नवी भोके पाडली, जुनी बुजवली, रुळांना ग्रीस चोपडले, खटका उचलला आणि करंगळीने ढकलले. भाऊजी, सीट अशी सरकली की काय सांगू! रेशमावरून कात्री चालते तशी. मी वीस वेळा पुढे नेली, वीस वेळा मागे आणली. बहात्तराव्या वर्षी मला माझे स्वतःचेच कौतुक वाटले, आणि ते मी कोणापासून लपवले नाही.

हिने कपाटावरचे बूट काढले. सहा बोटे पुढे घेऊन बसली, क्लच पार तळापर्यंत दाबला, आणि आम्ही निघालो. बाजारातून, मी जिथे पंचवीस वर्षे मशीन चालवले त्या दुकानावरून, नदीच्या पुलापर्यंत. मी शेजारी बसून उजव्या पायाने सारखा ब्रेक दाबत होतो, तिथे ब्रेक नाही तरी. "समोर सायकल!" म्हटले की ही म्हणे, "दिसते." "वळण आहे!" म्हटले की म्हणे, "रस्त्यालाही माहीत आहे." पुलावर दोन माणसे थांबून बघत राहिली. एकाने विचारले, कोणत्या कंपनीची? ही म्हणाली, "आमच्या घरची." मला तेव्हा नीट दिसत नव्हते, वारा फार होता.

तर असे आहे. गुडघ्याला जपा. अक्काला नमस्कार. पत्र पोचल्याचे कळवा, टपालाची मला फार काळजी वाटते.

तुमचा धाकटा

ता. क. – मुख्य काम लिहायचे राहिले. पहिल्या फेरीनंतर रूळ तपासायच्या निमित्ताने आठवडाभर गाडी मीच चालवली. (पहिल्यांदा तू, एवढाच शब्द होता; दुसऱ्यांदाचे काही ठरले नव्हते.) नवव्या दिवशी सकाळी पाहतो तर सीट हिच्या मापावर अडकलेली. खटका उचलतो, पण मागे सरकत नाही. माझे गुडघे हनुवटीला लागतात. पंधरा दिवस झाले, गाडी हीच चालवते आणि मी शेजारी बसतो. माझेच काम चुकले असणार, काळजीने जेवण जात नाही. येत्या रविवारी सहज आल्यासारखे या, पाने घेऊन या, आणि मीच बोलावले हे हिला कळू देऊ नका.

ता. क. २ – दुसऱ्या दिवशी सकाळी. पाकीट चिकटवायच्या आधी बॅटरीचा उजेड टाकून सीटखाली पाहिले. रुळाच्या भोकातून एक बोल्ट आरपार घातलेला आहे. तो मी घातलेला नाही. मी आवळतो तेव्हा नटाचे कोपरे जातात, याचे शाबूत आहेत. खाली वायसर, त्यावर स्प्रिंग वायसर, नटाबाहेर बोल्टचे फक्त दोन आटे, अगदी नियमात. आठ वर्षे मी गाडीखालून हात बाहेर काढायचो आणि ही त्यात पाना ठेवायची. ती पान्याबरोबर बाकीचेही बघत होती, हे मला माहीत नव्हते.

मी बोल्टला हात लावलेला नाही आणि काही बोललोही नाही. तेव्हा रविवारचे रद्द समजा. त्याऐवजी हिला एक पत्र घाला, की टेम्पोचे जुने रूळ असे अडकतातच, आणि निदान वर्षभर त्यांना कोणी हात लावू नये. मुकादमाचा शब्द ती मानते. पुढे कधीतरी मात्र या, आणि शेजारच्या बाजूने वाकून तो बोल्ट बघून जा. तसा बोल्ट तुमच्या कारखान्यातही कोणी लावला नसेल.