ओरडणारा नंतर, गप्प बसलेला आधी

तीर्थरूप आत्या,

तुला माझा नमस्कार. (तो उभ्यानेच केला आहे, दिवसभर माणसं उचलून, वळवून, बसवून माझी कंबर संपावर गेली आहे, वाकायला तयार नाही.) तुझी तब्येत बरी असेल असं लिहायची रीत आहे, पण मी आता 'असेल'वर विश्वास ठेवणाऱ्यांतला राहिलो नाही. तेव्हा गुडघा डावा दुखतो की उजवा, जिना चढताना दुखतो की उतरताना, सकाळी उठल्यावर सूज असते का, हे सगळं क्रमाने कळव. पूर्वी मी चौकशी करायचो, आता नोंद करतो. टपाल कचेरीत तीस वर्षं काढलेली तू, हे पाकीट नुसतं तळहातावर तोलून तुला कळलं असेल की मजकूर लांबलचक आहे. नर्सच्या लायसन्सची परीक्षा पास झाल्याचं मी तुला फोनवर सांगितलंच होतं, पण तेव्हा बाबा शेजारीच उभे असल्यामुळे खरी हकिकत सांगता आली नाही. आता सर्जरीच्या वॉर्डात लागून चार महिने झाले, काम हातात बसलं आहे, आणि आज रजा आहे. तेव्हा ऐक.

बाबांची तुला कल्पना आहे. शाळा संपल्यावर मी नर्सिंगला जातो म्हटलं, तेव्हा त्यांनी चालती मशीन थांबवून (अर्ध्या शिवणीत पाय थांबवणारा हा माणूस नव्हे) जाहीर केलं होतं की हे बायकांचं काम आहे. त्यावर तू जे बोललीस ते माझ्या कानात अजून आहे: "दादा, सत्तावीस वर्षं तू बायकांचे कपडे शिवतोयस. तुला कुणी विचारायला आलं का?" बाबांनी मशीन पुन्हा सुरू केली. त्यालाच आपण दोघं परवानगी समजलो. पुढे चार वर्षांत त्यांचं मन किती फिरलं याचा पुरावा म्हणजे माझा युनिफॉर्म. परीक्षेला पंधरा दिवस असतानाच त्यांनी तो शिवून दुकानाच्या दाराशी, गिऱ्हाइकाच्या नाकावर आपटेल असा टांगला. आणि शिवला कसा, तर सात खिशांचा. नर्सला सात खिसे कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले की कमी पडले तर सांग.

त्या परीक्षेत मी नापास झालो. फोनवर तुला 'निकाल लांबला' असं सांगितलं होतं, ते साफ खोटं होतं. माफ कर. परीक्षा कॉम्प्युटरवर असते. यंत्र तुझी उत्तरं बघत पुढचा प्रश्न काढतं, आणि तुझा पुरेसा अंदाज आला की आपणहून बंद पडतं. माझ्यापुढचं यंत्र मध्येच काळं झालं, तेव्हा मी हात वर करून देखरेखीच्या बाईंना बोलावलं आणि तुमची वीज गेली आहे असं सांगितलं. त्यांनी छताकडे बोट दाखवलं. पंखा फिरत होता. घोटाळा कुठे झाला ते मला पुढे कळलं. त्या परीक्षेत नेहमी चार पेशंट देतात आणि विचारतात की आधी कुणाकडे जाल. एक पायाच्या दुखण्याने ओरडत असतो, एक घरी सोडा म्हणून भांडत असतो, एकाला पाणी हवं असतं, आणि एक पडून असतो, काही बोलत नसतो. मी प्रत्येक वेळी ओरडणाऱ्याकडे गेलो. (यात माझा काय दोष? आपल्या घरात कुणी आवाज चढवला की सगळे तिकडेच धावतात, आणि आवाज कुणाचा ते मी लिहीत नाही, हे पत्र त्यांच्या हाती पडू शकतं.)

निकालाचा कागद बाबांनी वाचला, घडी घालून मला परत दिला, आणि चपला घालून दुकानात गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं. संध्याकाळी दुकानात गेलो तर दाराशी युनिफॉर्म नव्हता. आतल्या खुंटीवर टांगून, धूळ बसू नये म्हणून वर अस्तराचं कापड घातलं होतं. मी त्याच आठवड्यात एका हॉस्पिटलात मदतनीस म्हणून लागलो. बेड घालायचे, चादरी बदलायच्या, पेशंटना शौचाची भांडी द्यायची आणि न्यायची. नर्सिंगची पदवी घेतलेला माणूस हे काम करतो म्हणून वॉर्डातले चार लोक हसले. मी म्हटलं हसा, परीक्षा पुन्हा द्यायला सहा महिने आहेत, आणि घरी बसून ते अस्तराचं कापड बघण्यापेक्षा हे बरं.

तिथल्या इन्चार्ज सिस्टर म्हणजे उंचीने तुझ्या खांद्याला लागतील एवढ्या, आवाज इतका हळू की ऐकायला माणसाला स्वतः गप्प व्हावं लागतं, आणि पंचवीस वर्षांची नोकरी. मी पुस्तक चादरींच्या कपाटात ठेवून चोरून वाचतो हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांनी पुस्तक जप्त केलं. मग रोज दुपारी चादरीचं एक टोक त्या धरायच्या, एक मी, आणि घडी घालता घालता एकेक प्रश्न विचारायच्या. उत्तर चुकलं की चादर पुन्हा उलगडायची. (पहिल्या महिन्यात आमच्या वॉर्डातल्या चादरी जेवढ्या वेळा उलगडल्या तेवढ्या पेशंटांनीही उलगडल्या नसतील.) मी उत्तरात नेहमीप्रमाणे ओरडणाऱ्याकडे निघालो तेव्हा त्या म्हणाल्या, "जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, हे त्यानेच तुला कळवलं. जो गप्प आहे त्याचं कोण कळवणार?" आत्या, चार वर्षांच्या कॉलेजात जे डोक्यात शिरलं नाही ते त्या चादरीच्या टोकाशी उभं राहून शिरलं.

दुसऱ्या वेळी यंत्र पहिल्यापेक्षा लवकर बंद पडलं. मी हात वर केला नाही, पण देखरेखीच्या बाईंनी मला ओळखलं होतं, त्या आपणहून छताकडे बघून हसल्या. निकाल आला तेव्हा बाबा एका बाईंच्या बाहीला काज करत होते. मी सांगितलं. त्यांनी नको तिथे आणखी दोन काजं केली, मग उठले, आतून युनिफॉर्म आणला, माझ्या अंगावर धरून बघितला, आणि कमरेत चिमूट धरून म्हणाले, "बारीक झालायस. दोन्हीकडून घ्यावा लागेल." बस. त्या काजांबद्दल त्या बाईंनी काय म्हटलं ते मला माहीत नाही.

आता त्याच सिस्टरांच्या वॉर्डात नर्स म्हणून लागल्यावर माझी खरी परीक्षा झाली ती सांगतो. नवव्या बेडवर एक कुलपं दुरुस्त करणारे आजोबा होते. पित्ताशयाचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालेलं. माणूस इतका बोलका की नाडी मोजताना मला दोनदा सुरुवात करावी लागायची. कुठल्या कुलपाला कुठली खोड असते, किल्ली अडकली की जोर का लावायचा नाही, सगळं मला तोंडपाठ झालं होतं. दुपारी दोनच्या सुमारास सातव्या बेडवरच्या गृहस्थांनी उशीवरून गदारोळ मांडला. उशी उंच आहे, मग सपाट आहे, मग ही माझी नव्हेच. मी तिकडे निघालो आणि जाता जाता नवव्या बेडवर नजर गेली. आजोबा गप्प. मी उगाच विचारलं, काय आजोबा, आज कुलूप लावलं का तोंडाला? हसले नाहीत. बोटांनी चादरीचा काठ चाचपत होते, कपाळ ओलं, हात गार. नाडी सकाळी ऐंशी होती, ती एकशे वीस. ब्लडप्रेशर उतरलेलं. पोट लाकडासारखं. सातव्या बेडकडून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार चालू होता, पण मी हललो नाही.

फोन लावला तर डॉक्टर (नवे आहेत, माझ्याएवढेच नवे) दुसऱ्या वॉर्डात अडकलेले. म्हणाले, दुखत असेल, औषध द्या, अर्ध्या तासात येतो. पूर्वीचा मी 'बरं' म्हणालो असतो. मी आकडे पुन्हा सांगितले, एकेक, सावकाश, आणि म्हटलं की आत रक्तस्राव होत असावा असं मला वाटतं, तुम्ही निघालात असं म्हणेपर्यंत मी फोन ठेवणार नाही. मग ते निघतो म्हणाले, आणि पाच मिनिटांत धापा टाकत आले. आजोबांचं पोट बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ऑपरेशन थिएटरला कळवा म्हणाले. तोवर इन्चार्ज सिस्टरांनी स्ट्रेचर आणवला होता. घाईघाईत मी आजोबांची अंगठी काढली, कवळी काढली, कागद लावले, आणि त्यांना नेलं. आतली एक शीर सुटली होती. वेळेवर बांधली. संध्याकाळी ते शुद्धीवर आल्याचं ऐकून मी घरी गेलो, जेवलो, आणि युनिफॉर्म धुवायला टाकून असा झोपलो की बास.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वॉर्डात शोधाशोध. आजोबा जागे, जीव ठिकाणावर, आणि दात नाहीत. अंगठी कपाटात होती, नोंदीसकट. कवळीची नोंद नाही. त्यांनी खुणेने सांगितलं की खायला कधी मिळेल ते मिळेल, पण बोलायचं आहे. मी पलंगाखाली वाकून बघत असताना घरून फोन आला. बाबा. नेहमीपेक्षा बारीक आवाजात म्हणाले, "तुझ्या पाचव्या खिशात कुणाचे तरी दात आहेत."

भेटीची वेळ होईपर्यंत त्यांना दम निघाला नाही. अर्ध्या तासात बाबा वॉर्डाच्या दाराशी हजर, हातात बटणांचा डबा, डब्यात मऊ कापडावर कवळी. आत येऊ द्यावं की नाही यावर दारावरचा माणूस विचार करत होता. मी तेव्हा तिसऱ्या बेडवरच्या पेशंटला पहिल्यांदाच उभं करत होतो, त्यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर, मला मान वळवता येईना. वॉर्डात पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात हे तुला माहीत आहे. ऐंशीच्या आजी ब्रदर म्हणतात, त्यांची मुलगी म्हणते, नातही म्हणते, नात्यांचा सगळा चुथडा. चारी बाजूंनी ब्रदर, ब्रदर चाललेलं बाबांनी ऐकलं असावं. त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. पेशंट बेडवर नीट बसेपर्यंत थांबले आणि दारातूनच म्हणाले, "ब्रदर, सामान आणलंय." मी वळून बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, खिशांकडे बघत होते, कुठला उसवला आहे का ते. मी डबा घेतला. त्यांनी माझी कॉलर सरळ केली आणि ते गेले.

इन्चार्ज सिस्टरांनी आजोबांबद्दल शाबासकीचा एक शब्द काढला नाही. कवळीबद्दल मात्र लेखी खुलासा घेतला, आणि त्याच कागदाच्या मागच्या बाजूला अतिदक्षता विभागाच्या सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी माझ्या नावाची शिफारस लिहिली. आमच्या तुकडीतून दोघांचीच झाली. ते ट्रेनिंग झालं की तिथली जागा, पुढे वरची परीक्षा, आणि दहा वर्षांत तू मला कुठल्यातरी वॉर्डाचा इन्चार्ज झालेला बघशील. ही फुशारकी नव्हे, हिशोब आहे. आता मला कुठल्याच पेशंटची, डॉक्टरची की यंत्राची भीती उरलेली नाही. तू मात्र जपून राहा, जिना उतरताना कठडा धर, आणि हे पत्र दोनदा वाच.

तुझा भाचा

ता.क. : बाबा ट्रेनिंगसाठी नवा युनिफॉर्म शिवत आहेत. खिसे नऊ. तुझं ते ऐकतात, निदान सहावर आण.

ता.क. २ : ट्रेनिंगला जाण्याआधी काविळीची लस पूर्ण लागते. तिचे तीन डोस. पहिला कॉलेजात घेतला होता, आणि तेव्हा काय झालं ते तिथल्या फरशीला ठाऊक आहे. उरलेल्या दोन डोसांना मी चार वर्षं सर्दीचं कारण सांगतो आहे. दिवसाला चाळीस इंजेक्शनं देतो, हात हलत नाही, पण सुई आपल्याकडे येताना दिसली की मला समोरच्या भिंती दोन दिसतात. इन्चार्ज सिस्टरांनी परवा सांगितलं की गुरुवारी अकराला घेतली नाही तर शिफारस फाडतील, आणि त्यांनी आजवर सांगून न केलेली गोष्ट मला माहीत नाही. टोचणार आहे ती नवी सिस्टर. तिला मीच शिकवलं, आणि 'टोचून घेणाऱ्याला कळतसुद्धा नाही' हे तिला मीच सांगितलं. तेव्हा तू गुडघा दाखवायचं निमित्त काढून ये आणि माझा हात धर. अकरा म्हटलं तरी दहाला आलीस तर बरं. मी आठपासूनच बाहेरच्या बाकावर बसलेला असेन.