रंजिताचा डबा

पनवेल,
बुधवार, १६ जुलै

चि. हितेश,

पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद लिहायची आपली रीत हाय. आज ती जागा मोकळी सोडलीय, का ते शेवटी कळंल. माजी तब्येत बरी हाय. गुडघा दुखतो, तो दुखतोच. दिपिका नि पोरं मजेत असतील. फोन केला की तू "आई, मीटिंगमध्ये आहे" बोलतोस, म्हनून कागद घेतला. चौथीपर्यंतचं अक्षर हाय, सांभाळून वाच. औषधं घेऊन तुजा गणू ड्रायवर येईल, त्याच्याच हाती पाठवते.

इथं सगळं छान हाय. खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसतो. 'वृद्धाश्रम' बोललेलं चालत नाय, सीनियर लिव्हिंग बोलायचं. फरशी इतकी पुसतात की लुगड्याला बी फिनेलचा वास येतो. जेवन सात्विक, म्हंजे दुधी. सकाळी दुधी, संध्याकाळी तोच दुधी पानी घालून. शी!

पन दुधीसाठी मी कागद खरडायला बसले नाय. रविवारी तू जे करून गेलास, त्यासाठी बसले.

आलास, पाया पडलास, माजा हात हातात घेतलास नि झटकलास. "आई, हाताला कसला वास येतोय? सुकटीचा?" रुमाल काढून नाकाला लावलास. मग बाटलीतलं ते औषध हाताला चोळत बसलास, जसं काय गटारात हात घातला होतास. नि खाली ऑफिसात जाऊन केवढा तमाशा! मी लिफ्टपाशी उभी राहून ऐकत होते. "माझ्या शाकाहारी आईला त्या नर्सनं बाटवलं!"

शाकाहारी? माळ तू घातलीस, बाबा. मी कवा घातली? इथं आनून सोडलंस तवा तूच ऑफिसातल्या शोभा मॅडमला ठोकून दिलंस, आई शुद्ध शाकाहारी. ट्रस्टी तुज्या ओळखीचे, तुजी मान खाली नको जायला, म्हनून मी गप बसले. आगऱ्याची बाई नि शाकाहारी! तुजा बाप वर पोट धरून हसत असंल.

सोमवारी शोभा मॅडमनी रंजिताला काढून टाकलं.

रंजिता म्हंजे तुजी ती 'नर्स'. उरणजवळच्या करंज्याची, कोळ्याची पोर. मला "आये" बोलते. आंघोळ घालायच्या आधी दार लावून घेते, पानी हातावर घालून विचारते, गरम वाटतं का. बाकीच्या बाया दार सताड उघडं टाकतात, मला उघडी करतात नि माज्या डोक्यावरून सीरियलच्या गप्पा मारतात. मी काय भांडं हाय घासायला ठेवलेलं?

मे महिन्यात मी जेवन टाकलं. मॅडमनी तुला कळवलं, भूक कमी झालीय. तू टॉनिक धाडलंस. डॉक्टर नाकातून नळी घालायची बोलले. तवा रंजिता माज्यावर खेकसली, "आये, तोंडानं खातेस का नाकानं?" मी बोलले, "हा दुधी नाकानंच बरा." फिसकन हसली. डॉक्टरला विचारून आली नि आपला डबा उघडला. तांदळाची भाकरी नि सुक्या जवळ्याची चटणी, कैरी घातलेली. अर्धी भाकरी मला दिली, अर्धी आपन खाल्ली, माज्या पलंगावर बसून, माज्याच ताटात. अरे, इथं भरवायला सगळे हायेत, सोबत जेवायला कोन नाय. मी बोटं चाटली त्या दिवशी.

दुधीला मी उगाच दोष देते. चव नव्हती म्हनून नव्हतं टाकलं जेवन. दर रविवारी इस्त्रीचं लुगडं नेसून गेटजवळ बाकड्यावर बसायचे, नि तू यायचास नाय. मग वाटलं, पुरे झालं, आता सुटलेलं बरं. रंजितानं ते ओळखलं. कोनाला बोलली नाय. रोज डबा घेऊन शेजारी येऊन बसत गेली.

माळेला मी नाव ठेवत नाय. तुजा आजा बी माळकरी होता, पन आजीसाठी उरणच्या बाजारातून बोंबील सोता आनायचा. नाक नाय मुरडलं कधी. नि तू? ज्या पोटात नऊ महिने राहिलास, त्या पोटात हाच जवळा जात होता. मिठागरावरून येऊन ह्याच हातांनी तुला भरवायचे, तू भाकरीनं चटणीचा तवा पुसून खायचास. त्या हातांची तुला शिसारी आली. तर ऐक. मला तुजी शिसारी आली, हितेश. लिहिलं, आता खोडनार नाय.

नि ह्या इथल्या मानसांची बी. नर्स दिनाला रंजिताला गुलाब देऊन टाळ्या पिटल्या, नि मासळीचा डबा तिनं जनरेटरच्या मागं बसून खायचा! काल जेवताना मी उभी राहून सगळ्यांना सांगितलं, "मासे मी खाल्ले, आवडीनं खाल्ले, जवळा होता." शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला. लाव म्हटलं, आनि घट्ट लाव. मग मॅडम हळूच बोलल्या, तुमच्या मुलानं तक्रार मागं घेतली तर तिला परत घेऊ.

घाबरू नको, मी उपाशी मरायची नाय. जाताना रंजितानं गळ्याची शपथ घातलीय. दुधी गिळते नाक दाबून, तू दाबलंस तसं.

तू आधी ऑफिसात जाऊन सांग की रंजिताची चूक नाय. मग करंज्याला जा. तिच्या घरात बस, पुढ्यात येईल ते पानी तरी पी. माजा मुलगा येईल म्हनून मी तिला निरोप धाडलाय. वर जी जागा मोकळी सोडलीय ना, तिथला आशीर्वाद तिच्याकडे ठेवलाय. तिच्या हातून घे. दुसरीकडे मिळायचा नाय.

तुजी, जवळा खानारी,
आई