नूतनसाठी बोललेला नवस

लिंबायत, सुरत
३० जून १९९६

प्रिय नूतन,

भागीरथी आत्याचं पत्र मिळालं. निकालाच्या दिवशी तू शाळेतून थेट पॅसेंजरने अमळनेरला तिच्याकडे गेलीस. शेजारच्यांच्या फोनवर ते कळेपर्यंत आम्ही उधना स्टेशन दोनदा पालथं घातलं होतं. आता त्याबद्दल काही म्हणणं नाही. तुझी आई बरी आहे. मला दिवसपाळी आहे. गल्लीतला योगराज पास झाला, त्याच्या बापाने पेढे वाटले. मी एक खाल्ला, गोड लागला.

तू गणितात नऊ मार्कांनी गेलीस. सातवीपर्यंत मराठी शाळा आणि आठवीला एकदम गुजराती, हेही मीच ठरवलं होतं. पण लिहायचं आहे ते दुसरंच.

दिवाळीत मी सप्तशृंगीला बोललो, पोरगी दहावी पास होईपर्यंत पायात काही घालणार नाही. वाटलं, त्रास माझा, फळ तुझं. कारखान्यात यंत्रमागावर अनवाणी उभा राहायचो, तापल्या डांबरावरून घरी यायचो. तू पुस्तक मिटून माझ्या भेगांना तेल लावायचीस. गल्लीतल्या बाया तुला म्हणायच्या, "बापाचे पाय पाहा आणि अभ्यास कर." मला ते ऐकून बरंच वाटायचं. सराव परीक्षेनंतर तू म्हणालीस, "आप्पा, चपला घाला ना, पेपर लिहिताना मला तुमचे पायच दिसतात." मी हसलो. म्हणालो, "पास हो, मग घालतो."

तू गेल्यावर शेजारच्या मागावरच्या दत्तूला हे सगळं सांगितलं. तो धागा जोडता जोडता म्हणाला, "नवस बोलला तू, अन् फेडाले बसवलं पोरीले!" त्या मंगळवारी मी नारळ फोडला आणि देवीला सांगितलं, माझं चुकलं, काय घ्यायचं ते माझ्याकडून घे. दुसऱ्या दिवशी चपला घालून कामावर गेलो.

ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म आणलेला नाही. तू म्हणशील तर आणीन. शिवणकाम शिकायचं असेल तर तेही चालेल. घरी कधी यायचं, तेही तूच ठरव.

आत्याने लिहिलंय, तू तिला रोज एकच विचारतेस, आप्पा रागावलेत का. नाही रागावलो. देवीची माफी मागून झाली, तुझी राहिली होती. समोर बसून ते मला जमलं नसतं, म्हणून हे पत्र. पोरी, मला माफ कर.

तुझाच,
आप्पा