अण्णांचा रेडिओ आणि भिंतीलगतचे टेबल

शुक्र., १० जाने.
थंडीमुळे शाळेला सुट्टी. मागच्या खोलीत कामाचे टेबल लावले. शाळेतल्या विनायकच्या टेबलापेक्षा हातभर लांब. मुद्दाम तसेच करवून घेतले. उजेड डावीकडून, म्हणजे उजव्या हाताची सावली कामावर पडत नाही. वर रबरी चटई. पाण्याची वाटी ठेवून पाहिली: पृष्ठभाग स्तब्ध. भिंतीलगतची जागाच उत्तम. पहिले काम अण्णांचा रेडिओ. आई गेल्यापासून वडिलांना सकाळी त्याचीच सोबत. तो मुका झाल्यापासून तेही गप्प.

शनि., ११ जाने.
दोष सापडला. आवाजाच्या बटणाखालचा सांधा सुटलेला. सोल्डरिंग केले, सांधा मळकट, दाणेदार. पुन्हा केले. तसाच. तत्त्व किती सुंदर आणि सोपे: वितळलेले कथील गोठेपर्यंत तार हलता कामा नये. मुलांना हे शिकवताना मी किती रंगतो! रेडिओ खरखरला, गप्प झाला.
अण्णा दारातून: "विनायकले दे ना रे. तो झटक्यात करते."


मंगळ., १४. संक्रांत.
विनायककडे तिळगुळाला. आम्ही एकाच शाळेत. तो गणित शिकवतो, मी भौतिकशास्त्र. म्हणजे हा विषय माझा. त्याचे टेबल म्हणजे जुने दार, वर वर्तमानपत्र. आणि सांधे? एकेक ज्वारीच्या दाण्यासारखा, चकचकीत. भिंगातून पाहिले, एखाद्यात तरी खोट निघावी म्हणून. निघाली नाही. सुलभा सगळ्यांदेखत, "भाऊजी, आमच्या ह्यांना पण सिखवा ना थोडं!" बायको आपली, आणि...
लाडू मात्र चांगला होता. तोही त्याच्याच घरचा.

रवि., १९.
वि. आला. सुलभानेच बोलावले असणार. मी कथील, तापमान, सगळे कारणांसह समजावत होतो. तो तळवा टेबलावर सपाट ठेवून ऐकत होता. मग म्हणाला, "यार, भिंतीपलीकडे लूम चालतात ना?"
टेबल बारीक थरथरत होते. वाटीची परीक्षा मी घेतली शुक्रवारी. शुक्रवारी पॉवरलूमला आठवडी सुट्टी. सारा जन्म बुऱ्हाणपुरात गेला, तो खडखडाट आता कानांना जाणवतच नाही.
"तुझ्याकडे बरे हलत नाही?"
"माझ्या बाजूला केळीचं गोदाम. केळी पिकतात, नाचत नाहीत." खो खो हसला. "सरकव ना टेबल, बस."

शुक्र., २४.
अर्धी रजा. टेबल सरकवले नाही; ते वि.ने सुचवले होते. पलीकडे शांतता. श्वास रोखून एकच सांधा. चकचकीत! रेडिओ बोलला.
अण्णांनी तो कानाशी धरला, डोळे मिटले. मग, "विनायक हुशारच. त्याले जेवायले बोलाव."
सुलभा हळूच, "अहो, सांगा ना त्यांना."
भजन लागले होते. मध्येच बोलणे बरे दिसले नाही.

शनि., २५.
वि. उद्या जेवायला येणार. अण्णा त्याची पाठ थोपटणारच. तेव्हा तो काय म्हणतो, हे मला बघायचे आहे. मी आधी तोंड उघडणार नाही.
लूम पुन्हा सुरू. टेबल भिंतीलाच.