पेट्रोलच्या झाकणावरचं कुंकू

बाबा,

तू फिरून यायच्या आत मला ऑफिसला निघावं लागतंय, म्हणून लिहून ठेवतेय. पोहे कढईत आहेत.

सकाळी बाइक मेकॅनिककडे न्यायला निघाले. चकाल्याच्या पुढे ती कालसारखीच गचके देत बंद पडली. पेट्रोल संपलं की काय म्हणून टाकीचं झाकण उघडलं, तर फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी एका किकमध्ये सुरू. पुढच्या सिग्नलला परत बंद, झाकण उघडलं की परत सुरू. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं ना, ते हळदीकुंकवाने पक्कं बुजलं होतं. हवा नाही, म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं.

दसऱ्याला गाडीची पूजा मीच केली होती. झाकण छान गोल दिसलं म्हणून तिथेच ओलं हळदीकुंकू थापलं. तू साफ केलेल्या कार्ब्युरेटरला काहीही झालेलं नाही. ओढणीच्या पिनेने भोक मोकळं केलं आणि साकीनाक्यापर्यंत जाऊन आले, एकदाही अडली नाही. मेकॅनिककडे गेलेच नाही.

हात थरथरतो तर पान्याला हात लावू नकोस, असं काल मी बोलायला नको होतं. आईसमोर तर नकोच.

तू गाडीला हात लावू नयेस म्हणून तिची चावी मी पिठाच्या डब्यामागे लपवली होती. आता तुझ्या खिळ्यावर लावलीय. चेनला तेल द्यायचं राहिलंय, पण मी त्याला हात लावलेला नाही. ते तुझं काम.

गंधाली